दुसरा गाल पुढे करणं म्हणजे नेमकं काय?

भांडणात कुणी पडतं घेतलं की आपल्याकडे टोमणा ठरलेला असतो: “आता दुसराही गाल पुढे करा!” इंदूरच्या मराठी माणसांत हा टोमणा मी मंगल कार्यालयापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे ऐकलाय. मी ख्रिस्ती आहे हे ज्यांना माहीत असतं, ते बोलून झाल्यावर माझ्याकडे बघून जीभ चावतात. त्यांनी वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. दर रविवारी चर्चला जाणाऱ्यांतही निम्म्याअधिक जणांना त्या वचनाचा अर्थ ‘गप मार खा’ एवढाच वाटतो.

म्हणून जरा बैजवार सांगतो. ख्रिस्ती जगात एक जुना विचारप्रवाह आहे. येशूच्या मागे जायचं तर वैऱ्यावर हात उचलायचा नाही आणि वैर मिटवायला आपणच आधी पाऊल टाकायचं, असं तो मानतो. हे निवडक संतांसाठी राखीव व्रत नव्हे, साध्या भाविकालाही ते चुकत नाही, असं त्याचं म्हणणं. सगळे ख्रिस्ती हे मान्य करत नाहीत. बहुसंख्य करत नाहीत असंच म्हणायला हवं. पण ज्या वचनांवर हा विचार उभा आहे ती सगळ्यांच्याच बायबलात आहेत, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाच्या) पाचव्या अध्यायात. त्या भागाला आम्ही डोंगरावरील प्रवचन म्हणतो.

ते प्रवचन ऐकायला कोण बसलं होतं, हे आधी पाहू. गालीलातले कोळी, शेतकरी, मजूर, कर्जात बुडालेली माणसं. डोक्यावर रोमन साम्राज्य. इ.स.पू. ४ मध्ये हेरोद राजा मेला आणि उठाव झाला, तेव्हा वारुस नावाच्या रोमन सुभेदाराने सुमारे दोन हजार माणसं क्रुसावर चढवली, असं जोसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो. इ.स. ६ मध्ये खानेसुमारी आणि करावरून पुन्हा बंड झालं, त्याचा पुढारी गालीलचाच. म्हणजे हिंसा काय असते हे येशूच्या श्रोत्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तलवार उचलावी की मान खाली घालावी, हा त्यांच्या घरातला प्रश्न होता.

तिसरी एक वाटही त्यांच्या पाहण्यात होती. रोमन सुभेदार पिलाताने सम्राटाची चित्रं असलेले, म्हणून यहूदी धर्माला निषिद्ध असे लष्करी ध्वज रातोरात यरुशलेमेत आणवले. लोक त्याच्या मुक्कामी, कैसरियाला गेले आणि पाच दिवस त्याच्या वाड्याभोवती पडून राहिले. सहाव्या दिवशी त्याने त्यांना सैनिकांच्या वेढ्यात घेतलं, तलवारी उपसायला लावल्या. लोक जमिनीवर आडवे झाले, माना उघड्या केल्या आणि म्हणाले, मारा, पण आमचा धर्म मोडू देणार नाही. पिलाताने ध्वज परत नेले. जोसेफसनेच सांगितलेली ही हकिकत साधारण इ.स. २६ ची, म्हणजे येशूने प्रवचनं सुरू करण्याच्या थोडी आधीची. तेव्हा निःशस्त्र विरोध ही काही विसाव्या शतकातली कल्पना नव्हे.

आता गालाकडे येऊ. वचन असं आहे: जो कोणी तुझ्या उजव्या गालावर मारील त्याच्याकडे दुसराही गाल कर. ‘उजव्या’ का? समोर उभ्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर तळहात उपयोगाचा नाही, हात उलटा फिरवावा लागतो. उलट्या हाताची चापट कुणाला मारायची? गुलामाला, नोकराला, ज्याची पायरी दाखवून द्यायची आहे त्याला. ती दुखापतीपेक्षा अपमानासाठीच असते. मिश्ना या यहूदी न्यायग्रंथात साध्या थपडेची भरपाई दोनशे झूज (तेव्हाचं चांदीचं नाणं) आणि उलट्या हाताच्या थपडेची चारशे, अशी दुप्पट सांगितली आहे ती त्यामुळेच. (ग्रंथाचं संकलन इ.स. २०० च्या सुमाराचं, पण रीत जुनी.) आता ज्याला मारलं तो पळत नाही, रडत नाही, उलटूनही मारत नाही. तो डावा गाल समोर करतो. मारणाऱ्यापुढे पेच उभा राहतो. त्या गालावर मारायचं तर बरोबरीच्या माणसाला मारतात तसं सरळ हाताने मारावं लागेल. न मारावं तर हात खाली घ्यावा लागेल. वॉल्टर विंक या अमेरिकी अभ्यासकाने हा अर्थ विसाव्या शतकात लोकांपर्यंत नेला. सगळे अभ्यासक त्याच्याशी सहमत नाहीत. मला मात्र तो पटतो, कारण पुढची दोन उदाहरणं त्याच वळणाची आहेत.

दुसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं, आणि प्रवचनांत सगळ्यात कमी येणारं. कुणी तुझ्यावर फिर्याद करून तुझी बंडी घेऊ पाहत असेल, तर त्याला अंगरखाही घेऊ दे. ही कोर्टातली गोष्ट आहे. एक बुडीत कर्जदार उभा आहे, त्याच्याकडे देण्यासारखं अंगावरच्या कपड्यांशिवाय काही उरलेलं नाही. यहूदी नियमशास्त्रात गरिबाचा अंगरखा गहाण घेतला तर सूर्यास्तापूर्वी परत करावा असा नियम होता, कारण रात्री तेच त्याचं पांघरूण. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात तो आहे. म्हणून सावकार अंगरखा सोडून आतली बंडी मागतो: कायदा पाळल्यासारखं आणि माणूस नागवल्यासारखं! येशू त्या कर्जदाराला सांगतो, दोन्ही काढून दे. त्या काळच्या गरिबाच्या अंगावर दोनच कपडे. म्हणजे भर कोर्टात हा उघडा उभा, आणि याचे कपडे हातात धरून सावकार. लाज कुणाची गेली? ज्याने ऐकलं असेल तो हसला असणार. माळव्यातल्या कुठल्याही खेड्यात हा प्रसंग सांगून पाहा, सावकारी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही.

तिसरं उदाहरण वेठीचं. रोमन शिपाई वाटेवरच्या कुणालाही पकडून आपलं ओझं वाहायला लावू शकत असे. येशूचा क्रूस वाहायला कुरेनेच्या शिमोनाला असंच वेठीला धरलं होतं. एक कोस वेठीला धरलं तर दोन कोस जा, असं येशू म्हणतो. पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा, दुसरा चालणाऱ्याच्या मर्जीचा. शिपाई गोंधळेल, ओशाळेल, कदाचित दोन शब्द बोलेलही.

या तिन्ही प्रसंगांत सोसणारा माणूस सोसता सोसता काहीतरी करतो आहे. अन्याय आहे हे तो लपवत नाही, उलट उघड्यावर आणतो. आणि तरीही समोरच्याला माणूसपणातून वजा करत नाही.

आपल्याकडे हे सांगितलं की कुणाला तरी एकनाथ महाराज आठवतातच. गोदावरीवरून स्नान करून येताना अंगावर थुंकणारा माणूस, आणि न रागावता एकशे आठ वेळा पुन्हा स्नानाला गेलेले नाथ. शांतीच्या बाबतीत नाथ आणि येशू जवळचेच. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. अटक झाल्यावर महायाजकासमोर (यहूदी मंदिराच्या मुख्य पुजाऱ्यासमोर) उभं असताना एका शिपायाने येशूला चापट मारली. (योहानाचं शुभवर्तमान, अध्याय अठरा.) येशूने त्या वेळी दुसरा गाल पुढे केला नाही, गप्पही बसला नाही. त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट बोललो ते दाखव. बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? म्हणजे गाल पुढे करणं हा शब्दशः पाळायचा विधी नाही. मारल्याला मारून उत्तर द्यायचं नाही हे ठरलेलं; उत्तर काय द्यायचं ते प्रसंग पाहून.

आणि तो आसूड?

हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. येशूने मंदिरात दोऱ्यांचा आसूड करून व्यापाऱ्यांना हाकललं, सराफांचे चौरंग उलथले. मग अहिंसा कुठे गेली? आसुडाचा उल्लेख एकट्या योहानाने केलाय, आणि तिथे मेंढरं आणि गुरंही आहेत. आसूड जनावरांवर की माणसांवर, यावर व्याकरण घेऊन भांडणारे आहेत. कुणाला इजा झाल्याचं चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. मला स्वतःला हा प्रसंग मऊ करून सांगायची गरज वाटत नाही. येशू चिडला होता. देवाच्या नावाने गरिबांकडून पैसे उकळले जात होते, ते त्याने काही काळ बंद पाडलं. अहिंसेत राग बसतो, बंद बसतो, चौरंग उलथणंही बसतं. माणसाचा जीव घेणं बसत नाही.

तलवारीची दोन वचनंही पुढे केली जातात. “मी शांतता आणायला आलो नाही, तर तलवार” हे मत्तयात आहे. तेच लूकमध्ये तलवारीऐवजी ‘फूट’ असं आहे, आणि दोन्हीकडे विषय एकच: येशूच्या मागे गेल्यामुळे घरात पडणारी दुफळी. दुसरं, अटकेच्या रात्री तो शिष्यांना तलवार विकत घ्या म्हणतो. शिष्य म्हणतात, दोन आहेत. तो म्हणतो, पुरे. दोन तलवारींनी रोमशी कोण लढणार! काही तासांतच पेत्र त्यातली एक चालवतो, महायाजकाच्या दासाचा कान कापतो. येशू त्याला थांबवतो, तलवार म्यानात घालायला लावतो आणि त्या दासाचा कान बरा करतो. स्वतःला पकडायला आलेल्या माणसाचा. सगळ्या प्रकरणात हा एक प्रसंग नीट वाचला तरी पुष्कळ झालं.

यामागचं कारण येशूने एका वाक्यात सांगितलंय. वैऱ्यावर प्रीती करा, कारण देव आपला सूर्य वाईट आणि चांगल्या दोघांवर उगवतो, पाऊसही दोघांवर पाडतो. म्हणजे युक्तिवाद यशाचा नाही. अहिंसेने जिंकाल असं तो कुठेही म्हणत नाही. त्याचा स्वतःचा शेवट क्रुसावर झाला. देव असा आहे, म्हणून त्याच्या लेकरांनी असं वागावं, एवढंच. पुनरुत्थानावरचा, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला यावरचा विश्वास इथे कामी येतो: मरण हा शेवटचा शब्द नसेल, तर मारणं हाही शेवटचा उपाय उरत नाही. इथे गांधीजींचा सत्याग्रह आणि ही वाट जवळून जातात, पण पाया थोडा वेगळा आहे.

पुढच्या इतिहासात हे वचन चर्चने बराच काळ माळ्यावर टाकलं. पहिल्या तीन शतकांतले बरेच धर्मशिक्षक सैन्यात जाण्याच्या विरोधात होते. पेत्राची तलवार काढून घेताना प्रभूने प्रत्येक सैनिकाला निःशस्त्र केलं, असं त्यांच्यातल्याच तर्तुलियनने लिहिलंय. इ.स. २९५ मध्ये मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणाने उत्तर आफ्रिकेत भरतीला नकार दिला आणि जीव गमावला. मग ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या काळात ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली, आणि साम्राज्य सांभाळायचं तर तलवार आलीच. ऑगस्टिन या धर्मपंडिताने आणि पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ‘न्याय्य युद्धा’च्या अटी बांधल्या: कारण न्याय्य हवं, हुकूम अधिकृत सत्तेचा हवा, हेतू शुद्ध हवा. अटी लगाम म्हणून होत्या, वापरल्या गेल्या बहुधा परवाना म्हणून.

सोळाव्या शतकात, १५२५ मध्ये झुरिकला अ‍ॅनाबॅप्टिस्ट निघाले, मोठेपणी समजून बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारे; त्यांच्यातून शस्त्र नाकारणारे मेनोनाइट. (सगळे अ‍ॅनाबॅप्टिस्ट शांत नव्हते, मुन्स्टर शहरात त्यांच्यातल्याच एका गटाने तलवारीचं राज्य करून पाहिलं.) नेदरलँड्सचा डर्क विलेम्स हिवाळ्यात तुरुंगातून निसटला, गोठलेलं पाणी ओलांडून पार झाला. पाठलाग करणारा मागे बर्फ फुटून बुडू लागला. विलेम्स परत फिरला, त्याला बाहेर काढलं, आणि पकडला गेला. १५६९ मध्ये त्याला जाळलं. ज्याला वाचवलं त्याचं मन द्रवलं असेलही, पण शिक्षा टळली नाही. क्वेकर या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १६६० मध्ये इंग्लंडच्या राजाला लेखी कळवलं की आम्ही कुठल्याही कारणासाठी शस्त्र धरणार नाही. मेनोनाइट तर आपल्या जुन्या मध्य प्रदेशातही आले. धमतरीला १८९९ पासून त्यांचं काम आहे, दुष्काळानंतरच्या मदतकार्यातून सुरू झालेलं.

गंमत अशी की हिंदुस्थानात या विचाराला खरी धार आली ती चर्चबाहेर. गांधीजींनी डोंगरावरील प्रवचन लंडनमध्ये वाचलं, दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय वाचला. विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केलं. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात ज्यांच्यापुढे डाकूंनी बंदुका ठेवल्या तेच विनोबा त्या वर्षी इंदुरात येऊन राहिले होते. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले ते गांधींची पद्धत जवळून पाहायला, प्रेरणा मात्र त्यांनी येशूकडूनच घेतली होती. आणि इंग्रजी चर्च काय करत होतं? १८५७ नंतर उत्तरेतल्या काही छावण्यांच्या चर्चमध्ये बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा केल्या गेल्या. उपासनेला येताना गोरे शिपाई हत्यारबंद. डोंगरावरील प्रवचन त्या बाकांवर बसूनही वाचलं गेलंच असेल.

इंदूरच्या जवळची गोष्ट

सिस्टर राणी मारिया केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या आदिवासी शेतमजुरांमध्ये काम करत होत्या: बचत, सरकारी योजना, बँकेचं कर्ज, सावकाराच्या वहीतून सुटका. ज्यांचं नुकसान होत होतं त्यांना हे खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत त्यांना भोसकून मारलं. वय ४१. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याला माफ केलं, सुटकेसाठी खटपट केली. २००६ मध्ये तो सुटला. पुढे केरळला त्यांच्या घरी जाऊनही आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियांना कॅथलिक चर्चने ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा पेपरांतून हे सगळं पुन्हा छापून आलं.

ही गोष्ट ‘क्षमेचा चमत्कार’ म्हणून सांगितली जाते, त्याने माझं समाधान होत नाही. दोन गोष्टी त्यात निसटतात. एक, राणी मारिया नुसत्या मेल्या नाहीत, त्या सावकारीशी लढत होत्या. शांतीचं त्यांचं काम बँकेच्या पासबुकातून चालायचं. दोन, क्षमा केली म्हणून खटला मागे घेतला गेला नाही. पोलीस, कोर्ट, शिक्षा, वर्षानुवर्षांचा तुरुंग हे सगळं झालं. क्षमेने गुन्ह्याला गुन्हा म्हणायचं थांबवलं नाही. गुन्हेगाराला आयुष्यभर फक्त गुन्हेगार म्हणायचं थांबवलं.

हे वेगळं करून सांगायचं कारण, या शिकवणीचा सगळ्यात वाईट वापर घरात होतो. नवरा मारतो म्हणून रडत आलेल्या बाईला ‘सोस बाई, येशूनेही सोसलं’ असं सांगणारे धर्मसेवक मी पाहिलेत. हा येशूचा सल्ला नव्हे. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. शिष्यांना त्याने स्पष्ट सांगितलं, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा. मार चुकवणं, दार लावून घेणं, २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली तक्रार करणं यातलं काहीही अहिंसेच्या विरुद्ध नाही. जो सोसत नाही त्याने दुसऱ्याला सोसायला सांगणं, हे मात्र आहे.

आता हिटलर. चर्चेत तो आणल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने (चर्चच्या धर्मसेवकाने) डोंगरावरील प्रवचनावर ग्रंथ लिहिला, गांधीजींकडे येऊन राहायचं ठरवलं होतं, गांधीजींचं निमंत्रणही आलं होतं. तोच पुढे हिटलरविरोधी कटाच्या वर्तुळात गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये फासावर चढला. त्याच वर्षांत फ्रान्सच्या ल शांबों या खेड्यातल्या पाळक आंद्रे त्रोकमे आणि गावकऱ्यांनी एकही गोळी न झाडता हजारो निर्वासितांना, त्यांत बहुतेक ज्यूंना, घराघरांत लपवून वाचवलं. दोघंही एकच अध्याय वाचणारे. बायबलातच, पौल या प्रेषिताने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात बाराव्या अध्यायात “बऱ्याने वाइटाला जिंक” आहे आणि लगेच तेराव्यात सत्ताधारी उगाच तलवार बाळगत नाही असंही आहे. पहिलं वाचून कुणी सैन्यात जायचं नाकारतो, दुसरं वाचून कुणी महूच्या छावणीत इमानाने नोकरी करतो, आणि दोघं एकाच बाकावर प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेतात. मी पहिल्या बाजूचा आहे, पण दुसऱ्याला खोटा ख्रिस्ती म्हणायची माझी तयारी नाही. कॅथलिक चर्चचा कल अलीकडे इकडे झुकलाय. पोप फ्रान्सिस यांचा १ जानेवारी २०१७ चा शांतिदिनाचा संदेश अहिंसेवरच होता.

आपल्या देशात सक्तीची भरती नाही, त्यामुळे बंदूक हाती घ्यावी की नाही हा प्रश्न बहुतेकांच्या दारात येतच नाही. येतो तो वाटणीचा. समजा रामबागेतल्या जुन्या वाड्यावरून दोघा भावांचं कोर्टात चाललंय. अशा वेळी येशूची रीत अगदी व्यवहारी आहे, मत्तयच्या अठराव्या अध्यायात: आधी एकट्याने त्याच्याकडे जा आणि दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना साक्षीला ने. तरीही नाही, तर मंडळीसमोर, म्हणजे भाविकांच्या सभेसमोर ठेव. आपण नेमकं उलटं करतो. आधी सगळ्या नात्यात बोभाटा, मग मध्यस्थ, मग नोटीस, आणि भावाशी समोरासमोर बोलणं शेवटी, तेही झालं तर. पाचव्या अध्यायात तर तो म्हणतो, वेदीजवळ अर्पण घेऊन उभा असताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. यात चूक कुणाची हे विचारलेलंच नाही. काही आहे ते त्याच्या मनात, आणि उठून जायचं आपण. आमच्याकडे उपासनेत प्रभुभोजनापूर्वी शेजारच्याशी हात मिळवून “तुम्हाला शांती असो” म्हणतात, ते याचंच रूप. बहुतेक जण ते डाव्या-उजव्या बाजूच्या ओळखीच्या माणसांशी उरकतात. ज्याच्याशी सहा महिने बोलणं बंद आहे तो सहसा चार ओळी मागे बसलेला असतो, आणि तिथपर्यंत चालत जायला त्या वेळात पुरेशी सवड असते.